चार कॉर्ड आणि एक शुद्ध धैवत

'स्कारबरो फेअर' हे गाणं गिटार शिकणाऱ्याच्या हातात फार लवकर दिलं जातं. कारण उघड आहे. त्यात चारच कॉर्ड आहेत: ए मायनर, जी, सी आणि डी. बोट आडवं टाकून सहाही तारा दाबाव्या लागतील अशी बॅरे कॉर्ड एकही नाही, लय संथ आहे, चाल लहान आहे. थोड्या दिवसांत विद्यार्थी चारही कॉर्ड बिनचूक धरतो, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतो, आणि तरी काहीतरी राहून जातं. सायमन आणि गारफंकल यांच्या १९६६च्या ध्वनिमुद्रणात जो थंड, धुकट, किंचित परका भाव आहे तो त्या वाजवण्यात कुठेच सापडत नाही.

माझ्या मते तो भाव कुठे बसला आहे हे बऱ्यापैकी नेमकं दाखवता येतं. एका स्वरात, तालाच्या एका विभागणीत आणि गिटारच्या दांडीवर चिमट्यासारख्या बसणाऱ्या कॅपोमध्ये. चार कॉर्ड हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. पण आपण जे वाजवतो आहोत ते मुळात कुणाचं, हे आधी पाहिलं तर हाताला पुष्कळ मोकळीक मिळते.

स्कारबरो हे इंग्लंडच्या यॉर्कशायरमधलं, उत्तर समुद्राच्या काठावरचं गाव. राजा तिसरा हेन्री याने १२५३ साली या गावाला जत्रेची सनद दिली. १५ ऑगस्टला सुरू होणारी ही जत्रा ४५ दिवस चाले आणि समुद्रापलीकडचे व्यापारीही तिला येत. पुढे ती उतरणीला लागली आणि १७८८मध्ये बंद पडली. गाण्यात मात्र जत्रेचं वर्णन काहीच नाही. ती फक्त निरोप धाडण्याचा पत्ता आहे. जत्रेला निघालेल्या कुणाला तरी गाणारा सांगतो की तिथे माझी एक जुनी प्रेयसी राहते, तिला माझी आठवण दे आणि माझ्यासाठी काही कामं करायला सांग. कामं सगळी अशक्य कोटीतली: सुई न लावता, शिवण न घालता सदरा शिवायचा, तो कोरड्या विहिरीत धुवायचा. जुन्या पाठांत ती बाईही काही कमी नाही. समुद्र आणि वाळू यांच्या मधली एकरभर जमीन नांगर, चामड्याच्या विळ्याने कापणी कर, अशी उलटी कामं ती त्याला लावते.

ही कोड्यांची जुगलबंदी जत्रेच्या नावापेक्षा वेगळ्या वाटेने आली आहे. 'द एल्फिन नाइट' या स्कॉटिश बॅलडमध्ये ती दिसते, आणि त्या बॅलडचे छापील पाठ सतराव्या शतकापासून मिळतात. अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ बॅलड संपादित करून छापली, त्यांत या बॅलडचा क्रमांक दुसरा. पार्स्ली, सेज, रोझमेरी आणि थाइम या चार वनस्पतींचं ध्रुपद सगळ्याच पाठांत नाही. ठिकठिकाणी वेगवेगळी ध्रुपदं सापडतात. या चार पाल्यांचे गूढ अर्थ सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्थ बहुतेक मागाहून चिकटवलेले आहेत असं मला वाटतं, आणि गिटार वाजवणाऱ्याला त्यांचा काही उपयोगही नाही.

उपयोग आहे तो चालीच्या प्रवासाचा. आज आपण जी चाल ओळखतो ती टीसडेल खोऱ्यातल्या मार्क अँडरसन या निवृत्त शिसे-खाण कामगाराकडून १९४७मध्ये नोंदवली गेली. गायक आणि संग्राहक इवन मॅकॉल आणि पेगी सीगर यांनी ती १९६०मध्ये 'द सिंगिंग आयलंड' या पुस्तकात छापली. तिथून ती लंडनच्या फोक क्लबांमध्ये आली आणि मार्टिन कार्थी या तरुण गायक-गिटारवादकाच्या हाती पडली. कार्थीने तिला गिटारची स्वतःची साथ बांधली आणि १९६५च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ती घेतली.

कार्थीकडून ती दोन अमेरिकन तरुणांनी उचलली. पहिला बॉब डिलन. तो १९६२च्या अखेरीस लंडनमध्ये होता आणि क्लबांत कार्थीला ऐकत होता. त्यातूनच त्याने 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' लिहिलं. ते १९६३च्या 'द फ्रीव्हीलिन बॉब डिलन'मध्ये आलं. दुसरा पॉल सायमन. त्याने १९६५च्या सुमारास हे गाणं आणि त्याची साथ कार्थीकडून घेतली आणि आर्ट गारफंकलबरोबर ते १९६६च्या 'पार्स्ली, सेज, रोझमेरी अँड थाइम' या अल्बममध्ये आणलं. डिलनने आपल्या अल्बमच्या मलपृष्ठावर कार्थीचं नाव घेतलं होतं. सायमन आणि गारफंकलच्या तबकडीवर मात्र रचनेचं श्रेय फक्त त्या दोघांचं होतं. ना लोकपरंपरेचं नाव, ना कार्थीचं. कार्थीला ते लागलं आणि बरीच वर्षं लागून राहिलं. २०००मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ इथल्या मैफलीत सायमनने कार्थीला मंचावर बोलावलं आणि दोघांनी मिळून हे गाणं म्हटलं.

या गाण्याला फोक-रॉक म्हणायचं का, हा वाद घालता येईल. तो शब्द अमेरिकेत रूढ झाला १९६५च्या उन्हाळ्यात, बर्ड्‌स या बँडने डिलनचं 'मिस्टर टँबरिन मॅन' बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून पहिल्या क्रमांकावर नेलं तेव्हा. त्याच वर्षी जूनमध्ये निर्माता टॉम विल्सन याने सायमन आणि गारफंकलच्या 'द साउंड ऑफ सायलेन्स' या साध्या, न खपलेल्या मुद्रणावर त्या दोघांना न विचारता इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. जानेवारी १९६६मध्ये ते गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, आणि युरोपात हिंडणारा सायमन घाईने परतला होता. 'स्कारबरो फेअर' या यशाच्या लाटेतलं आहे, पण त्यात गोंगाट नाही. अकूस्टिक गिटार आहे, हार्पसिकॉर्ड आहे आणि एकावर एक चढवलेले आवाज आहेत. जुन्या गाण्याच्या मागे 'कँटिकल' नावाचं दुसरं गाणं त्याच वेळी चालू असतं. ते सायमनच्या 'द साइड ऑफ अ हिल' या आधीच्या युद्धविरोधी गाण्यातून आलं आहे. व्हिएतनामच्या वर्षांत प्रेमाच्या कोड्यामागे सैनिक आणि तोफा ऐकू येणं ही या मुद्रणाची खरी नवी गोष्ट होती. १९६७च्या 'द ग्रॅज्युएट' चित्रपटाने ती घरोघर पोचवली.

म्हणजे या गाण्याचा अमुक एक 'मूळ' पाठ आहे आणि आपण तो चोख उतरवायचा आहे, हे दडपण घ्यायचं कारण नाही. प्रत्येकाने कानाने घेतलं आणि आपल्या हाताने बदललं. तरीही प्रत्येक बदलात काही गोष्टी टिकल्या, आणि त्या सोडल्या तर गाणं हातातून जातं.

आता गिटार हातात घेऊ.

सायमनच्या मुद्रणात ऐकू येणारा षड्ज ई आहे. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन. मग सरळ ई मायनर कॉर्ड धरून का वाजवू नये? ती तर गिटारवरची सर्वांत सोपी कॉर्ड. वाजवून पाहा: खालच्या जाड तारा घुमतात, खोली भरून जाते आणि गाणं जड होतं. त्याऐवजी कॅपो सातव्या फ्रेटवर लावायचा आणि ए मायनरचा आकार धरायचा. दर फ्रेटला सूर अर्ध्या स्वराने चढतो, सात फ्रेटला पंचमाइतका, म्हणून ए मायनरच्या आकारातून ई मायनर वाजतं. सूर तोच, पण वाद्य बदललेलं असतं. सातव्या फ्रेटवर तारेची मोकळी लांबी सुमारे दोन तृतीयांश उरते. ६४५ मिलिमीटरची तार ४३० मिलिमीटरवर येते. पाचव्या तारेचा खर्ज सेकंदाला ११० कंपनांवरून १६५ वर जातो आणि पहिली तार जवळजवळ ४९४ वर. गिटारचा पोटातला घुमारा बाजूला होतो आणि हार्पसिकॉर्डच्या जवळ जाणारी बारीक, लखलखीत किणकिण उरते. खालची जागा गाणाऱ्याच्या आवाजासाठी रिकामी राहते, हा आणखी एक फायदा.

कॅपो लावण्यातही थोडी अक्कल लागते. तो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे बसवायचा. दूर राहिला की तारा खरखरतात, पट्टीवरच चढला की बोथट वाजतात. घट्ट कॅपो तारा ओढतो आणि सूर किंचित चढतो, त्यामुळे कॅपो लावल्यावर गिटार पुन्हा मिळवून घ्यायची. हा मुद्दा शिकवताना हमखास राहतो, आणि मग 'माझी गिटार वर बेसूर वाजते' अशी तक्रार येते.

बोटांच्या दृष्टीने कॅपो एक देतो आणि एक काढून घेतो. तारा फ्रेटजवळ आल्यामुळे दाबायला कमी जोर लागतो. हलक्या जातीच्या पोलादी तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास असतो आणि नवशिक्याच्या बोटांच्या टोकांना तो पहिल्या आठवड्यातच कळलेला असतो. तेव्हा ही सूट मोलाची. उलट जागा आक्रसते. दांडीच्या टोकाला पहिल्या फ्रेटची रुंदी ३६ मिलिमीटर असते. कॅपोपुढच्या पहिल्या फ्रेटची २४, त्याच्या पुढच्याची २३ सुद्धा नाही. डीसाठी तीन बोटं एवढ्या जागेत कोंबायची म्हणजे जाड बोटांच्या माणसाला घाम फुटतो. म्हणून सुरुवात कॅपोशिवाय करावी, मग तिसऱ्या फ्रेटवर, मग पाचव्यावर, आणि हात स्थिरावला की सातव्यावर.

आता तो स्वर.

ए म्हणजे सा मानला तर चार कॉर्ड अशा दिसतात. ए मायनर: सा, कोमल ग, प. सी: कोमल ग, प, कोमल नि. जी: कोमल नि, रे, म. आणि डी: म, शुद्ध ध, सा. सगळे स्वर एकत्र मांडा: सा, रे, कोमल ग, म, प, शुद्ध ध, कोमल नि. हा आपला काफी थाट. भातखंड्यांनी मराठीत लिहिलेल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'त ज्या दहा थाटांची मांडणी केली, त्यांतला हा एक. पाश्चात्त्य परंपरेत याच स्वरसप्तकाला डोरियन म्हणतात आणि इंग्लिश लोकगीतांत तो ठिकठिकाणी भेटतो. लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी १९०७च्या आपल्या पुस्तकात अशा जुन्या सप्तकांचा सविस्तर ऊहापोह केला आहे. पेटी घरी असेल तर पांढरी दोनला सा मानून फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर वरखाली जा. तेच सप्तक.

साम्य स्वरांपुरतंच आहे, हे लक्षात ठेवायला हवं. 'स्कारबरो फेअर' ऐकून बागेश्री किंवा भीमपलास आठवायला लागला तर दोष काफी थाटाच्या नावाचा. रागाची चालण्याची रीत, कुठे थांबायचं, कोणता स्वर कसा लावायचा, यातलं काहीही या गाण्यात नाही, आणि कॉर्ड ही कल्पना आपल्या रागसंगीतात नाही. पण ज्याने गाण्याच्या क्लासला जाऊन थोडंफार स्वरज्ञान मिळवलं आहे त्याला इथे एक जवळची वाट आहे: तो डीमधला धैवत ओळखू शकतो.

चालीत हा धैवत दर कडव्यात एकदाच येतो. दुसऱ्या ओळीत, जिथे चार पाल्यांची नावं येतात, तिथे चाल पंचमावरून कोमल निषादाला जाते, तार षड्जाला लागते, निषादावरून पंचमाला उतरते आणि मग धैवताला हलकासा हात लावून मध्यमावरून पंचमावर येऊन बसते. एवढंच. बाकी सगळ्या कडव्यात तो नाही. दुसरी ओळ येईपर्यंत कानाला माहीत नसतं की हे सप्तक कोणतं. सा, रे, कोमल ग, प हे स्वर आसावरी थाटातही असतात, आणि आसावरीत धैवत कोमल असतो, म्हणजे साधा उदास मायनर. गाणं कोणत्या बाजूला झुकणार हे ठरतं त्या एका स्वरावर. तो शुद्ध लागतो आणि दुःखाच्या खोलीत एकदम खिडकी उघडते. या गाण्यातला परकेपणा, ते ना धड उदास ना धड प्रसन्न असणं, इथून येतं.

म्हणून डी कॉर्डवर मी इतका अडून बसतो. कितीतरी गाणी ए मायनर, एफ, सी, जी या चौकडीवर चालतात आणि त्या सवयीने बोटं डीच्या जागी एफ किंवा डी मायनर धरायला धावतात. वाजवून पाहाच. कोमल धैवत आला की गाणं क्षणात कुठल्याही विरहगीतासारखं होतं, आणि गाणाऱ्याचा शुद्ध धैवत साथीच्या कोमल धैवतावर आपटतो. गंमत अशी की डी बरोबर धरूनही हाच स्वर हरवू शकतो. डीमध्ये तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. धैवत आहे तो या मधल्या बोटाखाली. अनामिका जरा आडवी पडली की तिचा मांसल भाग पहिल्या तारेला टेकतो, तार बंद पडते आणि डीमधला नेमका तोच स्वर गायब होतो. उरतात म आणि सा, ज्यांना काफीशीही देणंघेणं नाही आणि आसावरीशीही. तेव्हा डी धरून फक्त पहिली तार छेडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

उजव्या हाताकडे वळू. सोपा नमुना असा: अंगठा खर्जाच्या तारेवर, मग तर्जनी तिसऱ्या, मधलं बोट दुसऱ्या, अनामिका पहिल्या तारेवर, आणि परत मधलं, तर्जनी. सहा आघातांचं एक आवर्तन. अंगठ्याची तार कॉर्डप्रमाणे बदलते: ए मायनर आणि सीला पाचवी, जीला सहावी, डीला चौथी. ध्वनिमुद्रणातला नमुना याहून गुंतागुंतीचा आहे, पण सुरुवातीला हा पुरेसा आहे.

सहा आघात म्हटल्यावर मराठी कान लगेच दादरा ऐकतो: धा धिं ना, धा तिं ना. तीन अधिक तीन. इथेच फसगत होते. हे गाणं तीन मात्रांचं आहे आणि प्रत्येक मात्रेचे दोन भाग आहेत, म्हणजे विभागणी दोन, दोन, दोन. वजन पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या आघातावर पडायला हवं: अंगठा, मधलं बोट, मधलं बोट. दादऱ्याच्या सवयीने आपण ते पहिल्या आणि चौथ्यावर टाकतो, अंगठा आणि अनामिकेवर. स्वर तेच, बोटं तीच, वेगही तोच, आणि तरी गाणं डुलायला लागतं, जणू जत्रा अजून भरलेली आहे. तोंडाने 'एक आणि, दोन आणि, तीन आणि' मोजत वाजवलं की फरक कळतो. आकडा मोठ्याने, 'आणि' हळू. हे मोजणं कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

धैवताचा आणि या वजनाचा संबंध दुसऱ्या ओळीतल्या त्या जागी येतो. तिथे एकाच आवर्तनात दोन कॉर्ड आहेत: पहिल्या मात्रेला सी, उरलेल्या दोन मात्रांना डी. नेहमीचा नमुना इथे मोडावा लागतो. मी सुचवेन ती मांडणी अशी: अंगठा, तर्जनी सीवर, मग अंगठा चौथ्या तारेवर डीचा खर्ज धरतो, पाठोपाठ अनामिका पहिल्या तारेवर, मग मधलं बोट, तर्जनी. गाणारा दुसऱ्या मात्रेला धैवत म्हणतो आणि त्या मात्रेच्या उत्तरार्धात गिटारही तोच स्वर हळूच देते. तीन-तीनची चूक झाली असेल तर नेमका हा आघात जोरात पडतो. जो स्वर ओझरता यायला हवा तो घंटा बडवल्यासारखा येतो.

सी ते डी हा बदल या गाण्यातला सर्वांत अवघड. ए मायनरवरून सीला जाताना फक्त अनामिका हलते, तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच राहतं. सीवरून डीला जाताना मात्र तिन्ही बोटं उचलावी लागतात, तीही एका मात्रेत. इथे सीच्या रचनेत एक सवलत दडलेली आहे. सीमध्ये तिसरी तार मोकळी असते. म्हणजे पहिल्या मात्रेचा दुसरा आघात, जो तर्जनी तिसऱ्या तारेवर करते, त्याला डाव्या हाताची गरजच नाही. ती तार वाजत असताना डावा हात सी सोडून डीकडे निघू शकतो. ऐकणाऱ्याला फट जाणवत नाही. गिटारवरचे कितीतरी 'जलद' बदल अशा मोकळ्या तारेच्या आडोशानेच होतात. ही युक्ती सावकाश, एकेक आघात थांबत, तो तुकडाच वेगळा काढून घोटावी. अख्खं गाणं पुन्हापुन्हा वाजवून ती बसत नाही, कारण दर कडव्यात ती जागा एकदाच येते.

छापील टॅबबद्दल एक सांगायला हवं. सहा रेघा, त्यावर फ्रेटचे आकडे, ही पद्धत ल्यूटवादकांनी पाचशे वर्षांपूर्वी वापरली आणि बोट कुठे ठेवायचं हे सांगायला तिच्याइतकी सरळ पद्धत नाही. पण कोणता आघात जड, कोणता हलका, कोणता स्वर मागचा श्वास संपेपर्यंत रेंगाळू द्यायचा, हे आकडे सांगत नाहीत. म्हणून टॅब उघडण्याआधी चाल गळ्यात बसलेली असावी. गिटार बाजूला ठेवून, सरगम म्हणून का होईना, चारही ओळी बिनसाथीच्या म्हणता यायला हव्यात. आधी गळ्यात धैवत लागला तर बोटांना तो कुठे चुकला हे लगेच कळतं. बोटांकडून गळ्याने शिकायचं ठरवलं तर डी मायनर धरल्यावर गळाही मुकाट्याने कोमल धैवत लावतो आणि चूक कुणालाच दिसत नाही.

गाणं आणि वाजवणं एकत्र जमत नाही ही सर्वांची तक्रार. बहुतेकांचं अडतं ते उजव्या हाताने मान टाकल्यामुळे: शब्द आला की बोटं शब्दाच्या वजनामागे धावतात. अंगठा तेवढा सांभाळावा. पहिल्या काही वेळा सगळी बोटं सोडून फक्त अंगठ्याने दर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला खर्ज द्यावा आणि वर गावं. ते स्थिर झालं की एकेक बोट परत आणावं. इंग्रजी शब्द जिभेला नीट येत नसतील तर आकारात गायला काही हरकत नाही. ताल शब्दांवर अवलंबून नाही. ई सुरात आवाज बसत नसेल तर कॅपो खाली-वर सरकवावा. पाचव्या फ्रेटवर पांढरी दोन मिळते, तिसऱ्यावर पांढरी एक. किणकिण थोडी कमी होते, पण गळा ताणून गाण्यापेक्षा ते बरं.

'कँटिकल' मात्र एकट्याने होणार नाही. मुद्रणात ते आवाजांचे थर चढवून केलेलं आहे. दोघं असाल तर दुसऱ्याने शब्द सोडून नुसते लांब स्वर धरले तरी कल्पना येते. एकट्याने त्याची भरपाई म्हणून मधल्या ओळींत जास्तीचे सूर कोंबणारे वादक असतात. ते करू नये. कार्थी हे गाणं एकटाच म्हणत होता आणि त्याला काही कमी पडलं नव्हतं.

हे गाणं हाताला बसलं की पुढचं कोणतं घ्यावं, असं विचारलं जातं. सायमन ज्या लंडनमध्ये हे शिकला त्याच वर्तुळातली डेव्ही ग्रॅहमची 'अँजी' ही वाद्यरचना सायमनने १९६६च्या 'साउंड्स ऑफ सायलेन्स' अल्बममध्ये वाजवली आहे. अंगठा आणि बोटं पूर्ण वेगळी करायला शिकवणारा तिच्यासारखा धडा नाही, पण ती वर्षभराची मजल आहे. त्याआधी डिलनचं 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' घ्यावं. तेही कार्थीकडच्या याच गाण्यातून निघालेलं, त्यातही दूर राहणाऱ्या कुणाला तरी निरोप आहे, पण ते मेजरमध्ये आहे, म्हणजे गंधार आणि निषाद शुद्ध, आपल्या बिलावलच्या अंगाने. एक गाणं झाल्यावर लगेच दुसरं वाजवून पाहावं, आणि जमलं तर दोन्ही एकाच षड्जावर. शुद्ध धैवत दोन्हींत आहे. पहिल्यात तो खटकतो, दुसऱ्यात कुणाचं लक्षही जात नाही.